संगणकाच्या वीजपुरवठा संचातील पंख्याचा बिघाड

संगणकाच्या वीजपुरवठा संचातील पंख्याचा बिघाड म्हणजे टेबलावरील संगणकाला वीज पुरवणाऱ्या संचाला थंड ठेवणारा पंखा मंदावणे, आवाज करू लागणे किंवा पूर्णपणे बंद पडणे होय. हा संच बाजारात व दुरुस्तीच्या दुकानांत 'एसएमपीएस' (स्विच्ड मोड पॉवर सप्लाय) या नावाने ओळखला जातो. पंखा हा या संचातील सर्वांत स्वस्त भागांपैकी एक आहे. मात्र तो बंद पडल्यास संचातील महाग भाग तापून निकामी होऊ शकतात आणि त्यांच्याबरोबर संगणकातील इतर भाग व साठवलेली माहितीही धोक्यात येते. संचाच्या आत प्राणघातक विद्युत दाब असल्यामुळे पंख्याची दुरुस्ती दिसते तितकी साधी नाही. त्यामुळे पंखा बंद पडल्याचे लक्षात येताच संगणकाचा वापर थांबवावा व सामान्य वापरकर्त्याने संच न उघडता तो बदलावा किंवा तंत्रज्ञाकडे सोपवावा, हा सर्वमान्य सल्ला आहे.

पार्श्वभूमी

सुरुवातीच्या काही वैयक्तिक संगणकांत पंखा नव्हता. १९७७ साली आलेल्या ॲपल २ या संगणकासाठी रॉड होल्ट यांनी स्विचिंग पद्धतीचा वीजपुरवठा संच तयार केला. हा संच कमी तापत असल्यामुळे त्याला पंख्याची गरज नव्हती. पुढे वापरकर्ते अशा संगणकांत अनेक जोडपट्टिका (कार्ड) बसवू लागले, तेव्हा बाहेरून जोडण्याचे पंखे बाजारात आले. १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये ६३.५ वॅटचा संच होता व त्यातच पंखा बसवलेला होता. तो संच आणि उर्वरित संगणक या दोघांनाही थंड ठेवीत असे.

१९९५ मध्ये इंटेल कंपनीने एटीएक्स हे मानक जाहीर केले. त्याच्या पहिल्या आवृत्तीत संचाचा पंखा बाहेरची हवा आत ओढून प्रक्रियकावर (प्रोसेसरवर) सोडील अशी योजना होती. तथापि संचातून गेलेली हवा आधीच तापलेली असे. शिवाय प्रक्रियकावर स्वतंत्र पंखा बसवण्याची पद्धत रूढ झाली. त्यामुळे पुढे संचाचा पंखा गरम हवा बाहेर टाकणारा झाला आणि आजही तीच पद्धत आहे. जुन्या संचांत मागील बाजूस ८० मिलिमीटरचा पंखा असे. नंतर संचाच्या रुंद बाजूवर १२० मिलिमीटर किंवा त्याहून मोठा पंखा बसवला जाऊ लागला. मोठा पंखा कमी वेगाने फिरूनही तेवढीच हवा हलवू शकतो, त्यामुळे आवाज कमी होतो.

पंख्याची आवश्यकता

भारतात घरगुती वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ या स्वरूपात येते. वीजपुरवठा संच या प्रत्यावर्ती प्रवाहाचे १२, ५ व ३.३ व्होल्टच्या एकदिश प्रवाहात रूपांतर करतो. या रूपांतरात काही ऊर्जा वाया जाते आणि वाया गेलेल्या ऊर्जेची उष्णता बनते.

उदाहरणार्थ, एखाद्या संगणकाला २५० वॅट शक्ती लागते असे मानू. संचाची कार्यक्षमता ७५ टक्के असल्यास तो भिंतीवरील सॉकेटमधून सुमारे ३३३ वॅट घेतो आणि त्यांपैकी ८३ वॅटची उष्णता संचातच निर्माण होते. कार्यक्षमता ९० टक्के असल्यास ही उष्णता सुमारे २८ वॅट एवढीच राहते. नेहमीच्या एटीएक्स संचाची पेटी १५० × ८६ × १४० मिलिमीटर, म्हणजे सुमारे १.८ लिटर आकारमानाची असते. जुन्या पद्धतीचा ६० वॅटचा दिवा एवढ्या लहान बंद डब्यात तासन् तास जळत ठेवला तर काय होईल, यावरून पंख्याचे महत्त्व लक्षात येते. २००४ मध्ये सुरू झालेल्या '८० प्लस' या प्रमाणन योजनेमुळे अधिक कार्यक्षम संचांचा प्रसार झाला आणि पंख्यावरील भार कमी झाला. तरीही बहुतेक संच आजही पंख्यावरच अवलंबून आहेत.

पंख्याची रचना

संचातील पंखा बहुधा १२ व्होल्ट एकदिश प्रवाहावर चालणारा, ब्रशविरहित मोटरचा असतो. मध्यभागी तारेची स्थिर वेटोळी असतात. पात्यांच्या आतील बाजूस वलयाकृती चुंबक असतो. हॉल संवेदक चुंबकाची स्थिती ओळखतो आणि त्यानुसार वेटोळ्यांतील प्रवाह बदलला जातो. या मोटरमध्ये झिजणारा मुख्य भाग एकच, तो म्हणजे बेअरिंग (धारवा). त्याचे सर्वसाधारण प्रकार पुढीलप्रमाणे आहेत :

• स्लीव्ह बेअरिंग : यात तेल मुरलेल्या नळीत आस फिरतो. हा प्रकार स्वस्त व सुरुवातीला शांत असतो. उष्णतेने तेल आटले की घर्षण वाढते आणि पंखा फारशी पूर्वसूचना न देता अडकू शकतो.

• बॉल बेअरिंग : यात आस पोलादी छऱ्यांवर फिरतो. आवाज थोडा जास्त असतो, परंतु उष्णतेत हा प्रकार अधिक टिकतो. बिघडण्यापूर्वी तो बराच काळ आवाज करीत राहतो.

• द्रवगतिक बेअरिंग : यात आसाभोवती वंगणाचा पातळ थर दाबाखाली टिकून राहतो. हा प्रकार शांत व दीर्घायुषी, पण तुलनेने महाग असतो.

पंख्याचा वेग बहुतेक संचांत तापमानानुसार बदलतो. त्यासाठी आतील उष्णताशोषकाजवळ (हीट सिंकजवळ) थर्मिस्टर बसवलेला असतो. संच थंड असताना पंख्याला १२ व्होल्टपेक्षा बराच कमी दाब मिळतो आणि तापमान वाढेल तसा तो वाढत जातो.

बिघाडाची कारणे

वंगण आटणे व बेअरिंग झिजणे हे सर्वांत नेहमीचे कारण आहे. घर्षण वाढलेल्या पंख्याला सुरू होण्यासाठी अधिक दाब लागतो. संच थंड असताना मिळणारा कमी दाब त्याला पुरत नाही आणि तो जागचा हलत नाही. पुढे संच तापल्यावर दाब वाढतो व पंखा एकदम फिरू लागतो. 'सकाळी पंखा फिरत नाही, थोड्या वेळाने आपोआप सुरू होतो' ही तक्रार अशा झिजलेल्या पंख्यांबाबत आढळते.

धूळ हे दुसरे महत्त्वाचे कारण होय. पात्यांवर साचलेल्या धुळीमुळे पंख्याचा तोल बिघडतो आणि बेअरिंगवर असमान भार येतो. जाळीत व उष्णताशोषकात अडकलेली धूळ हवेचा मार्गच बंद करते. अशा वेळी पंखा फिरत असूनही संच तापतो. संगणक जमिनीवर ठेवणे, भिंतीला टेकवणे किंवा चालू असताना त्यावर कापडी आच्छादन राहू देणे यांमुळे हा त्रास वाढतो. विदर्भात उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सियसच्या आसपास जाते. तेव्हा पंखा आत ओढतो ती हवाच मुळात गरम असते. कोकण व गोव्याच्या किनारपट्टीवरील दमट, खारट हवेमुळे जोडण्यांवर गंज चढण्याचा संभव अधिक असतो.

यांखेरीज पात्यांत वायर अडकणे, पंख्याची जोडणी सैल होणे, मोटरमधील वेटोळे किंवा हॉल संवेदक निकामी होणे आणि वेग नियंत्रित करणारे मंडल बिघडणे ही कारणेही संभवतात. शेवटच्या प्रकारात पंखा ठीक असतो, परंतु त्याला वीजच मिळत नाही. त्यामुळे नवा पंखा बसवूनही उपयोग होत नाही.

लक्षणे

बहुतेक संचांचा पंखा मदरबोर्डला आपला वेग कळवत नाही. त्यामुळे प्रक्रियकाचा पंखा थांबल्यास पडद्यावर जशी सूचना येऊ शकते, तशी येथे सहसा येत नाही. वापरकर्त्याला पुढील खुणांवर अवलंबून राहावे लागते :

• संगणक सुरू करताना घरघर, खरखर किंवा बारीक शीळ घातल्यासारखा आवाज येणे व काही मिनिटांनी तो थांबणे;
• पूर्वीचा आवाज अचानक नाहीसा होणे (आवाज थांबला म्हणजे दोष दूर झाला असे नव्हे, पंखा अडकला असण्याचीही शक्यता असते);
• मागील जाळीतून हवा बाहेर न येणे;
• संचाच्या पत्र्याला हात लावल्यास नेहमीपेक्षा बराच गरम लागणे;
• काही वेळ काम केल्यावर संगणक एकाएकी बंद होणे आणि थंड झाल्यावरच पुन्हा सुरू होणे;
• तापलेल्या धुळीचा किंवा जळका वास येणे.

निदान

हवा बाहेर येते की नाही हे पाहण्यासाठी पातळ कागदाची पट्टी मागील जाळीसमोर धरतात. पंखा चालू असल्यास पट्टी बाहेरच्या बाजूस उडते. आवाज नेमका कोठून येतो हेही पाहावे लागते, कारण प्रक्रियक, ग्राफिक्स कार्ड व पेटी यांचे पंखे वेगळे असतात. जाळीतून पेचकस, तार किंवा सुई घालून पंखा फिरवून पाहणे अत्यंत धोकादायक आहे.

थांबलेला प्रत्येक पंखा बिघडलेला असतो असे नाही. अनेक नव्या संचांत कमी भार असताना पंखा मुद्दाम बंद ठेवला जातो आणि भार किंवा तापमान वाढल्यावरच तो सुरू होतो. काही संचांवर ही सोय चालू-बंद करण्याचे बटण असते. म्हणून निष्कर्ष काढण्यापूर्वी संचाची माहितीपुस्तिका पाहावी. पूर्णपणे पंखाविरहित संचही बाजारात मिळतात.

तंत्रज्ञ संच संगणकातून सोडवून स्वतंत्रपणे तपासतात. २४ पिनांच्या मुख्य जोडणीतील हिरवी वायर (१६ वी पिन) काळ्या वायरीला जोडली की संच सुरू होतो. त्यानंतर मल्टीमीटरने दाब मोजला जातो. एटीएक्स मानकानुसार त्यात ५ टक्क्यांपर्यंत फरक चालतो, म्हणजे १२ व्होल्टच्या जोडणीवर ११.४ ते १२.६ व्होल्ट आणि ५ व्होल्टच्या जोडणीवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट. दाब या मर्यादेबाहेर असल्यास बिघाड पंख्यापुरता राहिलेला नाही असे समजावे.

दुर्लक्ष केल्यास होणारे परिणाम

चांगल्या संचात अतितापमानापासून संरक्षण देणारे मंडल असते. ते ठरावीक तापमानाला संच बंद करते. परंतु सर्व स्वस्त संचांत ही सोय असतेच असे नाही. शिवाय ही सोय आणीबाणीसाठी असते. तिच्या भरवशावर संगणक रोज वापरता येत नाही.

उष्णतेचा सर्वाधिक फटका इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरना (धारित्रांना) बसतो. त्यांच्यातील द्रव हळूहळू आटतो आणि तापमान जितके जास्त तितका तो लवकर आटतो. ढोबळ नियम असा की, तापमान १० अंश सेल्सियसने वाढले की कपॅसिटरचे आयुष्य निम्मे होते. १०५ अंशांना २,००० तास टिकणारा कपॅसिटर ७५ अंशांना सुमारे १६,००० तास टिकेल. संगणक रोज आठ तास चालत असल्यास हा काळ साडेपाच वर्षांच्या आसपास येतो. तोच कपॅसिटर पंख्याअभावी ९५ अंशांवर राहिला, तर त्याचे आयुष्य सुमारे ४,००० तास, म्हणजे दीड वर्षाहूनही कमी भरते.

कमकुवत झालेले कपॅसिटर एकदिश प्रवाहातील चढउतार नीट शोषू शकत नाहीत. एटीएक्स मानकात १२ व्होल्टवर १२० मिलिव्होल्ट आणि ५ व्होल्टवर ५० मिलिव्होल्ट एवढ्याच चढउताराला परवानगी आहे. तो वाढला की संगणक अकारण पुन्हा सुरू होणे, फाइल लिहिली जात असतानाच बंद पडणे, हार्ड डिस्कवरील माहिती खराब होणे असे प्रकार घडतात. या टप्प्यावर पंखा बदलून भागत नाही, कारण झालेली हानी तशीच राहते. फुगलेले किंवा गळणारे कपॅसिटर हे तिचे दृश्य चिन्ह असते.

संच उघडण्यातील धोका

२३० व्होल्ट प्रत्यावर्ती दाबाचे एकदिशीकरण केल्यावर सुमारे ३२५ व्होल्ट मिळतात. शक्तिगुणक सुधारणारे मंडल असलेल्या संचांत मुख्य कपॅसिटरवर ३८० ते ४०० व्होल्टपर्यंत दाब असतो. ३३० मायक्रोफॅराडचा कपॅसिटर ३८० व्होल्टला सुमारे २४ ज्यूल ऊर्जा साठवतो. एवढी ऊर्जा शरीरातून गेल्यास प्राणघातक ठरू शकते. वीज तोडल्यानंतरही ही ऊर्जा काही काळ कपॅसिटरमध्ये राहते. ती हळूहळू काढून टाकणारे रोधक असले तरी तेही निकामी झालेले असू शकतात. त्यामुळे 'दहा मिनिटे थांबले की पुरे' असा निश्चित नियम सांगता येत नाही. योग्य क्षमतेच्या मल्टीमीटरने मोजून दाब शिल्लक नसल्याची खात्री करणे हाच मार्ग आहे.

याविषयी पुढील काळजी आवश्यक मानली जाते :

• भिंतीवरील बटण बंद करणे पुरेसे नाही. सॉकेटमधील तारा उलट जोडलेल्या असल्यास बटण बंद असूनही संचात वीज येऊ शकते. पिन सॉकेटमधून काढून टाकावी. यूपीएसला जोडलेला संचही त्यापासून वेगळा करावा.
• काही संचांतील उष्णताशोषक धातूचे असूनही उच्च दाबाला जोडलेले असतात. त्यांना स्पर्श करू नये.
• पेचकसाने कपॅसिटरची टोके जोडून तो रिकामा करू नये. त्यामुळे ठिणगी उडून डोळ्यांना व हातांना इजा होते.
• झाकण उघडे ठेवून संच चालू करू नये.
• एकट्याने काम करू नये.

पंख्याचा दोष शाळा-महाविद्यालयाच्या संगणक कक्षात आढळल्यास विद्यार्थ्यांनी संच उघडू नये व शिक्षकांना किंवा तंत्रज्ञाला कळवावे.

उपाययोजना

तातडीची कृती

चालू काम जतन करून संगणक नेहमीच्या पद्धतीने बंद करावा आणि वीज तोडावी. जळका वास किंवा धूर येत असल्यास काम जतन करण्याची वाट न पाहता थेट वीज बंद करावी. महत्त्वाच्या माहितीची प्रत आधीच घेतलेली नसेल, तर हार्ड डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून ती घ्यावी. केवळ त्यासाठी तापलेला संच पुन्हा चालू करणे टाळावे. संच हमीच्या (वॉरंटीच्या) मुदतीत असेल, तर तो विक्रेत्याकडे न्यावा. संच उघडल्यास हमी बहुधा संपुष्टात येते.

स्वच्छता

वीज पूर्णपणे तोडलेल्या संचातील धूळ बाहेरूनच ब्लोअरने उडवता येते. त्या वेळी पाती हवेच्या झोताने अतिवेगाने फिरू नयेत म्हणून जाळीबाहेरून लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या काडीने ती हलकेच अडवून धरतात. ओल्या फडक्याचा किंवा द्रवाचा वापर करू नये.

वंगण घालणे

स्लीव्ह बेअरिंगच्या पंख्यात मध्यभागावरील चिकटपट्टीखाली शिलाई यंत्राच्या तेलाचा एखादा थेंब सोडण्याची पद्धत तंत्रज्ञांत रूढ आहे. यामुळे पंखा काही आठवडे किंवा महिने चालू शकतो, परंतु झिजलेले बेअरिंग पूर्ववत होत नाही. गंज सोडवण्यासाठी वापरले जाणारे पातळ फवारे येथे उपयोगी नाहीत. ते लवकर उडून जातात आणि उरलेले वंगणही धुऊन नेतात.

पंखा बदलणे

हे काम प्रशिक्षित तंत्रज्ञानेच करावे. नवा पंखा निवडताना आकार व जाडी (उदा. ८० × ८० × २५ किंवा १२० × १२० × २५ मिलिमीटर), कार्यदाब, विद्युत प्रवाह आणि हवा वाहून नेण्याची क्षमता मूळ पंख्याशी जुळते का, हे पाहतात. केवळ आवाज कमी म्हणून दुर्बळ पंखा बसवल्यास संच पुन्हा तापतो. पंख्याच्या चौकटीवर बाण असल्यास तो हवेची दिशा दाखवतो आणि मूळ दिशा कायम ठेवणे आवश्यक असते. काही संचांत पंखा दोन पिनांच्या जोडणीने बसवलेला असतो, तर काहींत त्याच्या वायरी थेट पट्टिकेवर झाळलेल्या असतात. पंखा ठीक असून नियंत्रक मंडल बिघडले असल्यास काही तंत्रज्ञ पंख्याला संचाच्याच १२ व्होल्टच्या जोडणीवरून वीज देतात. तेव्हा तो सतत पूर्ण वेगाने फिरतो व आवाज वाढतो, पण संच थंड राहतो.

संच बदलणे

जुन्या, स्वस्त किंवा आधीच बराच काळ तापलेल्या संचाच्या बाबतीत पूर्ण संच बदलणे हाच सुरक्षित व बहुधा किफायतशीर उपाय ठरतो. नवा संच घेताना त्याची शक्ती, आकार आणि जोडण्या संगणकाशी जुळतात याची खात्री करावी. काही नामांकित कंपन्यांच्या तयार संगणकांत एटीएक्सपेक्षा वेगळ्या आकाराचे किंवा वेगळ्या जोडणीचे संच असतात. त्यांना नेहमीचा संच चालत नाही. सुट्या केबलचा संच असल्यास जुन्या संचाच्या केबल नव्या संचाला कधीही लावू नयेत. केबलच्या संचाकडील टोकाची रचना प्रमाणित नाही. ती कंपनीनुसार, कधीकधी प्रतिमानानुसारही बदलते. पिन बसली तरी चुकीचा दाब जाऊन हार्ड डिस्क क्षणात जळू शकते.

अयोग्य उपाय

संगणकाच्या पेटीचे झाकण काढून टेबलावरचा पंखा त्यावर सोडणे हा उपाय पुष्कळ ठिकाणी केला जातो. त्याने मदरबोर्ड थंड होतो, परंतु बंद पेटीत असलेल्या संचाच्या आतील भागांपर्यंत पुरेशी हवा पोहोचत नाही. थांबलेल्या पंख्याला दररोज टिचकी मारून सुरू करणे, संचाला छिद्रे पाडणे किंवा अधूनमधून संगणक बंद करून काम रेटणे हेही सुरक्षित उपाय नव्हेत.

प्रतिबंध

संगणकाच्या मागे हवेसाठी मोकळी जागा सोडणे, तो जमिनीपासून थोडा उंच ठेवणे, काम संपल्यावर संगणक बंद करून मगच आच्छादन घालणे आणि वर्षातून एकदोनदा धूळ काढणे यांमुळे पंख्याचे आयुष्य वाढते. पंखा खाली तोंड करून बसवलेला असल्यास त्याखालील धूळगाळणी नियमितपणे स्वच्छ करावी. आवाजातील बदलाकडे लक्ष देणे ही सर्वांत सोपी व बिनखर्चाची खबरदारी आहे, कारण घरघर सुरू झाल्यापासून पंखा थांबेपर्यंतच्या काळातच कमी खर्चात उपाय करता येतो.

विल्हेवाट

निकामी संचात तांबे, ॲल्युमिनियम व झाळकामाचे धातू असतात आणि जुन्या संचांतील झाळकामात शिसेही असते. भारतात ई-कचरा व्यवस्थापन नियम प्रथम २०११ मध्ये करण्यात आले. सध्याचे नियम २०२२ चे असून १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आहेत. त्यांनुसार असा कचरा नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे जाणे अपेक्षित आहे. संच घरच्या कचऱ्यात टाकू नये. तांब्यासाठी वायरी जाळणे आरोग्यास व पर्यावरणास घातक आहे.

हे सुद्धा पहा

• मदरबोर्ड
• कपॅसिटर
• ई-कचरा
• यूपीएस